चार बोटं वर

मिस्त्रींना सुट्टी मानवत नाही, हे त्यांच्या घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले तरी शेजारच्या इमारतीतली लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली, हे ते डोळे मिटून सांगत. म्हणून लेकीने जेव्हा शनिवार-रविवारची विमानाची तिकिटं हातावर ठेवून "बाबा, दोन दिवस फक्त समुद्र बघायचा, कळलं?" असं बजावलं, तेव्हा त्यांनी मान हलवली खरी, पण ती होकाराची होती की नकाराची हे कुणाला नीटसं उमगलं नाही.

वहिनींना उमगलं. मिस्त्रींच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत; आधी त्यांच्या हाताखालची माणसं म्हणायची, मग सगळ्या गल्लीने ते उचललं. बॅग भरताना वहिनींनी तिच्यातून एक पेचकस, एक टेस्टर आणि चामड्याचे हातमोजे मुकाट्याने बाहेर काढले आणि कपाटावर टाकले.

"समुद्राचे स्क्रू सैल झालेत का?" एवढंच त्यांनी विचारलं.

विमानातून उतरल्याबरोबर कुणीतरी ओला टॉवेल तोंडावर दाबावा तशी हवा अंगावर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड, मधे केळीची रुंद पानं, भिंतींवर हिरवी बुरशी. दुकानांच्या पाट्यांवरचं एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. टॅक्सीवाला मागे वळून हसत काहीतरी बोलला, मिस्त्रीही हसून काहीतरी बोलले, आणि दोघांनाही काडीचं कळलं नाही. वहिनी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. लग्नानंतर दोघंच दोघं असे कुठे निघाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

हॉटेल समुद्रासमोरच होतं. नऊ मजल्यांचं, जुनं, खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे निघालेलं. खोली नवव्या मजल्यावर, कारण लेकीने खास समुद्र दिसणारी मागून घेतली होती. वहिनींच्या उजव्या गुडघ्याला जिना म्हणजे शिक्षा. त्यामुळे लिफ्ट दिसल्यावर त्यांना हायसं वाटलं. आत सरकती जाळी, बाहेर प्रत्येक मजल्यावर लाकडी दार, दारात उभी काचेची पट्टी. असली जुनी लिफ्ट मिस्त्रींनीही कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

नववा मजला आला. लिफ्ट थांबली. आणि थांबल्यानंतर, अगदी किंचित, आणखी वर सरकली.

वहिनी बाहेर पडल्या. मिस्त्री तिथेच वाकले आणि लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्या मधे बोटं धरून बघू लागले.

"दोन बोटं वर थांबली," ते म्हणाले.

"मग पाय उचलून टाका," वहिनी म्हणाल्या. "आली बाई माझी सवत, इथंही आली!"

वहिनींनी चेष्टा केली, पण मिस्त्री अजून त्या फटीकडेच बघत होते. लिफ्टच्या तारेच्या एका टोकाला माणसं असतात आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. लिफ्टमध्ये एक-दोनच माणसं असली तर पलीकडची वजनं जड पडतात आणि लिफ्टला वर ओढू बघतात. तिला जागच्या जागी धरून ठेवायचं काम ब्रेकचं. थांबलेली लिफ्ट सरकली, याचा अर्थ ब्रेक घसरत होता. आज दोन बोटं. दार उघडं असताना, एक पाय आत आणि एक पाय बाहेर असताना ती दोन हात सरकली तर माणसाचं काय होतं, हे मिस्त्रींनी नोकरीच्या सहाव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी समुद्रावरून परतताना ते पुन्हा वाकले. तीन बोटं.

खाली जाऊन त्यांनी मॅनेजरला गाठलं. मॅनेजर पन्नाशीचा, टापटीप, अतिशय अदबशीर माणूस. मिस्त्रींनी हातवारे केले, फरशीवर बोटं ठेवून दाखवली, तोंडाने घर्रघर्र आवाज काढला. मॅनेजरने एका नोकराला हाक मारून त्यांना पिण्याचं पाणी आणून दिलं. शेवटी मिस्त्रींनी मोबाइलमध्ये बोलून भाषा बदलून दाखवली, तेव्हा मॅनेजरला बोध झाला. त्यानेही मोबाइलमध्ये उत्तर दिलं आणि पडदा पुढे केला. ‘दुरुस्तीचा माणूस सोमवारी येतो.’

"तोपर्यंत लिफ्ट बंद ठेवा," मिस्त्री मोबाइलमध्ये म्हणाले.

मॅनेजरने वाचलं, तो छातीवर हात ठेवून माफी मागितल्यासारखं हसला आणि त्याने हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांकडे बोट दाखवलं. हॉटेल भरलेलं होतं. खालच्या मजल्यावर बदलून द्यायला एकही खोली नव्हती.

त्या रात्री मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भिंतीपलीकडे लिफ्ट येत होती, थांबत होती, सरकत होती. सकाळी सहालाच त्यांनी लिफ्टचं दार उघडून पाहिलं. चार बोटं. आणि शाफ्टमधून, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीतून, एक वास येत होता, जळक्या रबरासारखा आणि तेलकट.

"हे बघ," ते खोलीत येऊन म्हणाले, "तू आता जिन्याने खाली उतरायचं. हळूहळू, माझा हात धरून. खाली बागेत बसायचं आणि संध्याकाळी विमानाला निघेपर्यंत वर यायचं नाही. सामान मी आणतो."

"अहो, नऊ मजले!"

"मला शब्द दे."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा उतरला होता, कपाळावर घाम होता. हा उकाड्याचा घाम नव्हे, हे त्यांनी ओळखलं. "दिला," त्या म्हणाल्या. "तोंड धुवा आधी." मग अर्धा तास घेऊन, तीनदा बसून, मिस्त्रींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या खाली उतरल्या. बागेत माडाखाली वेताची खुर्ची होती, समोर समुद्र होता. मिस्त्रींनी त्यांच्या हाताशी चहा आणून ठेवला आणि "आलोच" म्हणाले.

जित्याची खोड! ते थेट गच्चीवर गेले.

लिफ्टच्या मशीन रूमच्या दाराला कुलूप असायला हवं, इथे नुसती कडी होती. आत भट्टी पेटली होती जणू. मधोमध मोटर, तिच्या बाजूला तारा वाहणारं मोठं चाक, मोटरच्या टोकाला हाताने फिरवायचं लोखंडी हातचाक, भिंतीवर लाल मुठीचा मेन स्विच. मिस्त्रींनी ब्रेककडे पाहिलं. ब्रेक ज्याला आवळून धरतो त्या ड्रमवर तेल गळत होतं. ब्रेकचे पट्टे झिजून कागदाएवढे उरले होते. तेवढ्यात मोटरने आवाज केला, चाक फिरू लागलं आणि ब्रेकच्या कडेने निळसर धूर वर आला.

मिस्त्रींनी मूठ खाली ओढली.

ओढली त्याच क्षणी त्यांना कळलं की आपण काय केलं. चालत्या लिफ्टची वीज कधी काढू नये. मोटर आधी लिफ्टचा वेग कमी करते, ब्रेक मग नुसता धरून ठेवतो. मधेच वीज काढली की सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक तर गेलेला. हाताखालच्या प्रत्येक माणसाला त्यांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. आधी थांबू दे, आत कुणी नाही ना बघ, मग हात लाव. आज धूर दिसला आणि हात डोक्याच्या आधी गेला.

मोटर गप्प झाली. चाक थांबलं नाही. किर्र, किर्र करत ते फिरतच राहिलं. लिफ्ट वर येत होती, कुणी न चालवता.

आणि तारांसाठी फरशीत ठेवलेल्या भोकांतून, खालून कुठून तरी, एक हाक आली.

"अहो!"

त्या अख्ख्या शहरात त्या हाकेचा अर्थ कळणारा एकच माणूस होता. मिस्त्रींनी झेप घेऊन हातचाक धरलं. लोखंडाने तळहाताची साल सोलून काढली, चाकाने त्यांना खांद्यापासून हिसकलं, पण त्यांनी पाय भिंतीला रोवले आणि ते थांबवलं.

"अगं, तू आत आहेस?" ते भोकाकडे तोंड करून ओरडले.

"तुमची रक्तदाबाची गोळी राहिली होती खोलीत!" आवाज खोलातून आला. "घ्यायला निघाले होते! तुम्ही कुठे आहात?"

"वर आहे! किती जणं आहात?"

"मी आणि खोल्या झाडणारी बाई! अंधार झालाय! अहो, ही रडतेय!"

दोनच माणसं. म्हणजे वजनं वरच ओढत राहणार, आणि त्या ओढीच्या आड आता फक्त मिस्त्रींचे दोन हात होते. सोडले तर लिफ्ट वर वर येऊन छताशी आदळली असती. धरून ठेवलं तर किती वेळ? साठीच्या उंबरठ्यावरचे हात, त्यात तळव्यांतून रक्त येऊन मूठ निसरडी झालेली.

"जाळीतून काय दिसतं?"

"खाली उजेड आहे! सातव्या मजल्याचं दार कुणीतरी उघडलंय! आम्ही त्याच्या वर आहोत, कमरेएवढ्या! माणसं हात वर करतायत... अहो, ही बाई जाळी उघडून उतरायला निघालीय!"

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे ते सहावं वर्ष उभं राहिलं. लिफ्ट मजल्याच्या वर अडकली की तिच्या खाली मोकळी विहीर असते. उतरणारा माणूस बाहेर पडण्याऐवजी मागे, खाली घसरतो. आणि ती अर्धी बाहेर असताना हे चाक हातभर जरी निसटलं, तर...

"तिला धर! उतरू देऊ नकोस! खाली विहीर आहे!"

"तिला माझं कळत नाही हो!"

"कळवू नकोस! धर आणि खाली बसव! जाळी लाव!"

खालून झटापटीचे आवाज आले. एक किंकाळी. मग वहिनींचा तो आवाज, जो ऐकून गल्लीतली कुत्री आणि वाण्याकडची गिऱ्हाईकं सारखीच गप्प होत. मिस्त्रींच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते. बोटांत जीव आहे की नाही हे त्यांना कळेनासं झालं होतं. ‘एवढ्यात नको,’ ते स्वतःशीच पुटपुटत होते, ‘एवढ्यात नको सुटू.’

"बसवली!" वहिनींचा आवाज धापा टाकत आला. "मांडीवर बसलेय मी तिच्या! जाळी लावली!"

त्याच वेळी मशीन रूमचं दार आपटलं. मॅनेजर. धावत आल्याने चेहरा लालबुंद. त्याने लाल मूठ खाली ओढलेली पाहिली, तो बोट रोखून काहीतरी ओरडला आणि तरातरा स्विचकडे निघाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. या पाहुण्याने वीज काढली, वीज लावली की झालं. पण वीज लागली असती, तर मोटरने हातचाक गरकन फिरवलं असतं आणि मिस्त्रींचे दोन्ही हात त्याच्या आऱ्यांत होते. मग चाक धरायला कुणीच उरलं नसतं.

"हात लावशील तर याद राख!" मिस्त्री ओरडले.

शब्द परके होते, पण असा आवाज कुठल्याही भाषेत एकच गोष्ट सांगतो. मॅनेजर थबकला. मिस्त्रींनी हनुवटीने आधी ब्रेक दाखवला, मग फरशीची भोकं, मग स्वतःचे रक्ताळलेले हात. भोकांतून त्या बाईचं रडणं वर येत होतं. मॅनेजरने ते ऐकलं. त्याने वाकून ब्रेककडे पाहिलं, तेलाला बोट लावलं, आणि तो पांढराफटक पडला. मग काही न विचारता त्याने अंगातला कोट काढून फेकला, पलीकडून हातचाक धरलं आणि तो मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आता काय, एवढंच त्याची नजर विचारत होती.

"आता सावकाश," मिस्त्री त्याला मराठीतच म्हणाले, आणि खाली ओरडले, "ऐक! लिफ्ट वर आणतोय! आठव्या मजल्याशी लावतो! मला इथून काही दिसत नाही. तू सांगायचं, किती राहिलं ते! आणि मी सांगेपर्यंत जाळी उघडायची नाही!"

"बरं!"

चाक वीतभर सोडायचं, धरायचं. पुन्हा वीतभर सोडायचं, धरायचं. दोघांच्या दंडांच्या शिरा फुगल्या होत्या. मॅनेजर मिस्त्रींच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होता. ते श्वास सोडत तेव्हा तो सोडी, ते रोखत तेव्हा तो धरी.

"भिंत खाली चाललीय!" वहिनी सांगत होत्या. "अजून भिंतच आहे... अजून... आता वर दाराची काच दिसली! डोक्याच्या वर!"

"घाबरू नकोस!"

"तुम्ही घाबरू नका! छातीशी आली फरशी... कमरेशी... गुडघ्याशी... अहो थांबा, फार जोरात!"

चाक निसटलं होतं. अर्धा फेरा. मॅनेजरच्या तोंडून किंकाळी निघाली, मिस्त्रींनी छातीच आऱ्यांवर टाकली. बरगडीत काहीतरी कट् झालं, पण चाक अडलं.

"कुठे आहात?" मिस्त्री ओरडले. "अगं, बोल!"

"...वीतभर खाली," वहिनींचा आवाज आला, आता अगदी जवळून, आणि पहिल्यांदाच रडवेला. "वीतभरच राहिलं हो."

तेवढी एक वीत त्यांनी पाव-पाव बोटाने सोडली.

"लागली! बरोबर लागली!"

"उघड! आधी ती, मग तू! उंबऱ्यावर थांबायचं नाही, पाय टाकून सरळ बाहेर!"

जाळी सरकल्याचा आवाज आला. लाकडी दार. पावलं. कुणाचा तरी हुंदका.

"उतरलीस का?"

उत्तर नाही.

"अगं, उतरलीस का?"

मॅनेजरने मान हलवून काहीतरी म्हटलं, झालं असावं, सोडा, अशा अर्थाचं. मिस्त्री सोडायला तयार नव्हते. ती उतरली असेल. किंवा एक पाय आत असेल. पदर जाळीत अडकला असेल. गुडघा नेमका आताच आखडला असेल आणि ती उंबऱ्यावर बसली असेल. तिला बसायची सवयच आहे, कुठेही बसते. त्यांच्या मनात एकामागून एक असली चित्रं येत होती आणि ते त्या भोकात हाका मारत होते. नाव घेऊन हाक मारायची सवय त्यांना कधी नव्हती. आज त्यांनी नाव घेऊन मारली, दोनदा, तीनदा. खालून फक्त परक्या भाषेतला कलकलाट आला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक घासत येणारं. दारात वहिनी उभ्या होत्या. केस सुटलेले, एक चप्पल गायब, हात कठड्याच्या गंजाने लाल.

"सोडा," त्या म्हणाल्या. "दोघी उतरलोय. मला धरून पलीकडच्या खोलीत नेलं त्या लोकांनी, पाणी काय पाजतायत, वारा काय घालतायत. म्हटलं, यांचा जीव तिकडे टांगलेला असेल."

मिस्त्रींना सोडवेना. बोटं उघडतच नव्हती. वहिनींनी पुढे होऊन ती एकेक करून चाकावरून सोडवली, जशी लहान मुलाच्या मुठीतून खेळणं सोडवतात तशी. मॅनेजरने कमरेचा पट्टा काढून चाक लोखंडी चौकटीला आवळून बांधलं. मग त्याने मिस्त्रींचे रक्ताळलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि त्याचे डोळे भरून आले.

खाली उतरायचं म्हणजे जिनाच. वहिनी मिस्त्रींचा दंड धरून उतरत होत्या. सातव्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "आधी मेले होते भीतीने. पण वरून तुमचा आवाज आला ना, तेव्हा निम्मी भीती गेली. म्हटलं, आता हे बघून घेतील."

मिस्त्री गप्प बसू शकले असते. कुणी विचारणार नव्हतं. मॅनेजर तर त्यांना देवमाणूसच समजून बसला होता. घरी गेल्यावर गल्लीत वर्षभर हीच गोष्ट चालली असती. पण ती त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, ते त्यांना सोसवेना.

"मीच बंद केली होती," ते म्हणाले.

"काय?"

"लिफ्ट. तू आत असताना, चालू असताना. धूर दिसला आणि हात गेला. आत कुणी आहे का, बघितलं नाही. कदाचित नीट वरही आली असती ती."

वहिनींनी मिस्त्रींच्या दंडावरचा हात काढला, कठडा धरला आणि उठून उतरू लागल्या. मिस्त्री चटकन पुढे झाले आणि एक पायरी खाली राहून चालू लागले; गुडघ्याने दगा दिलाच तर ती आपल्या अंगावर पडावी म्हणून. सहावा मजला गेला. पाचवा गेला. एक शब्द नाही. या बाईने आजवर भांडी आपटली होती, अबोला धरते म्हणून सांगून दिवसभर टोमणे मारले होते, रागाने माहेरची वाट धरली होती. गप्प मात्र ती कधी राहिली नव्हती. मशीन रूममध्ये वाटली नव्हती अशी भीती मिस्त्रींना आता वाटू लागली. मागे वळून तिचं तोंड बघायचा धीर त्यांना होईना.

चौथ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या खांद्यावर एक घामेजलेला हात पडला.

"राग गेला असं समजू नका," वहिनी मागून म्हणाल्या. "गुडघा दुखतोय माझा."

"हो."

"आणि मीही दिलेला शब्द मोडला, ते मला ठाऊक आहे. ते काढू नका."

"नाही काढत."

"बोलू नका म्हटलं ना! खाली पोचेपर्यंत एक अक्षर बोलू नका."

मिस्त्री बोलले नाहीत. पुढच्या पायरीला वहिनींनी कठडा सोडला आणि दुसरा हातही त्यांच्या खांद्यावर ठेवला. बरगडीतून कळ गेली. ती तशीच गिळून, वहिनींचा सगळा भार अंगावर घेत, ते पायरी उतरले.